मूक जोडीचे मोल : इंग्रजीतील पाच अक्षरी ‘जी-एच’ शब्द

धनादेशावर आठ हजार ही रक्कम इंग्रजीत अक्षरी लिहिताना अनेकांचे पेन ‘एट’ या शब्दापाशी क्षणभर थबकते. उच्चार अगदी आटोपशीर; लिहायची अक्षरे मात्र पाच : ई-आय-जी-एच-टी. मधली ‘जी-एच’ ही जोडी कानाला ऐकू येत नाही. त्यामुळे ‘जी’ आधी की ‘एच’ आधी, हा प्रश्न पडतो आणि खाडाखोड होते.

ही खाडाखोड क्षुल्लक नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार आकड्यांतील व अक्षरांतील रकमेत तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. शिवाय चेक ट्रंकेशन प्रणालीत धनादेशाऐवजी त्याची प्रतिमा पुढे जाते. म्हणून १ डिसेंबर २०१० पासून या प्रणालीतील धनादेशांवर नाव वा रक्कम यांत दुरुस्ती चालत नाही. नवा धनादेशच लिहावा लागतो. एका मूक जोडीचे हे व्यावहारिक मोल लक्षात घेऊन आपण तिचा थोडा अभ्यास करू या.

पाच अक्षरी परिचित शब्दांपुरते पाहिले, तर या जोडीचे तीन कप्पे पडतात.

पहिला कप्पा आरंभीच्या जोडीचा. शब्दाची सुरुवात ‘जी-एच’ने झाली की उच्चार ‘ग’ होतो. ‘घोस्ट’ असे आपण पुष्कळदा म्हणतो. परंतु इंग्रजी उच्चार ‘गोस्ट’ असाच आहे.

दुसरा कप्पा मूक जोडीचा, आणि तोच सर्वांत मोठा. जोडीच्या लगेच आधी ‘आय’ असेल तर ती हमखास मूक. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट आणि टाइट हे सात शब्द पाहा. पहिले अक्षर तेवढे बदलते. ‘आय-जी-एच-टी’ हे शेपूट कायम राहते. एक शब्द पक्का केला की उरलेले सहा आपोआप येतात. एट (आठ), वे (वजन करणे) आणि थाय (मांडी) हे शब्दही याच कप्प्यातले.

तिसरा कप्पा ‘फ’चा. जोडीच्या आधी ‘यू’ असेल तर ती कधी ‘फ’ होते, कधी मूकच राहते. लाफ (हसणे), कॉफ (खोकला), रफ (खडबडीत) यांत ‘फ’ ऐकू येतो. डो (मळलेली कणीक), बाउ (झाडाची फांदी) व ऑट (पाहिजे) यांत काहीच ऐकू येत नाही. येथे नियम पुरा पडत नाही; शब्द पाठच करावे लागतात.

मग जी अक्षरे उच्चारायची नाहीत, ती लिहायची तरी कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत या ठिकाणी घशातून निघणारा, ‘ख’सारखा घर्षक ध्वनी होता. जर्मन भाषेत तो आजही टिकून आहे : रात्रीला ‘नाख्ट’ आणि आठला ‘आख्ट’ म्हणतात. मध्ययुगीन लेखनिक हा ध्वनी ‘जी-एच’ने दर्शवू लागले. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला आणि छपाईबरोबर लेखनाची रूपे हळूहळू स्थिरावू लागली. पुढे बोलण्यातून तो ध्वनी लोपला. काही शब्दांत, ओठ गोल करून म्हटल्या जाणाऱ्या स्वरानंतर, त्याचा ‘फ’ झाला. लेखन मात्र जागच्या जागी राहिले. ‘घोस्ट’मधील ‘एच’ची कथा निराळी. त्या शब्दात घर्षक ध्वनी नव्हताच. कॅक्स्टनच्या काळात फ्लेमिश लेखनपद्धतीच्या प्रभावाने ते अक्षर शिरले.

याच शब्दांचे आपल्या भाषांशी जुने नाते आहे, हे वाचून नवल वाटेल. इंग्रजी ‘एट’ आणि संस्कृत ‘अष्ट’, ‘नाइट’ आणि ‘नक्तम्’, हलका या अर्थाचा ‘लाइट’ आणि ‘लघु’, ‘वे’ आणि ‘वह्’ (आपले ‘वाहणे’) या जोड्या एकाच प्राचीन मूळातून निघाल्या आहेत. ज्या जोडीला आपण निरर्थक समजतो, ती हरवलेल्या ध्वनीची खूण आहे.

बँकेच्या व्यवहारातही हे कुटुंब भेटते. दाखवताच देय असलेली हुंडी ‘ॲट साइट’ म्हटली जाते, तारण सोन्याचे वजन करणे म्हणजे ‘वे’, आणि भागधारकांचा हक्क म्हणजे ‘राइट’. आपल्या ‘ड्राफ्ट’ शब्दाचे जुने लेखन सात अक्षरी होते व त्यात ‘जी-एच’ होते. उच्चारानुसार लिहिता लिहिता तो ‘एफ’सह पाच अक्षरांचा झाला.

आता संख्यांचा नियम. अठरा (एटीन) आणि ऐंशी (एटी) लिहिताना आधी ‘ई-आय-जी-एच-टी’ पूर्ण लिहावे. मग अठराला ‘ई-ई-एन’ आणि ऐंशीला ‘वाय’ जोडावा. ‘टी’ एकदाच येतो, दुसरा नको.

स्वाध्याय : (१) रु. ८८,१८८ ही रक्कम इंग्रजीत अक्षरी लिहा. ‘जी-एच’ किती वेळा आले? (२) टफ (चिवट), नेय (घोड्याचे खिंकाळणे) आणि गूल (पिशाच) हे तिन्ही पाच अक्षरी शब्द कोणत्या कप्प्यात बसतील?

उत्तरे : (१) चार वेळा. (२) अनुक्रमे तिसरा, दुसरा व पहिला.

धनादेश हिंदी, इंग्रजी किंवा त्या त्या प्रदेशाच्या भाषेत लिहिण्याची मुभा ग्राहकास आहे. महाराष्ट्रातील वाचक तो निःसंकोचपणे मराठीत लिहू शकतात. परंतु बडोदे वा हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना बहुधा इंग्रजी वा हिंदीचाच आधार घ्यावा लागतो. ज्यांना इंग्रजीत लिहावयाचे आहे, त्यांनी हे पाच अक्षरी कुटुंब एकदा कागदावर गिरवून पाहावे. पुढच्या धनादेशावर पेन थबकणार नाही.