प्रसाद हातात राहू देऊ नये

काल्याचे कीर्तन आटोपून हंडी फुटली की मंडपात जी झुंबड उडते ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ज्वारीच्या लाह्या, दही, मीठ, मिरची, लोणच्याची फोड. घरी कोणी दुसऱ्यांदा मागणार नाही असा पदार्थ. पण तेथे मूठभर मिळाला तरी माणूस धन्य होतो. आम्ही चाळीस वर्षे हा काला वाटला आणि खाल्ला. तरी प्रसाद म्हणजे काय हे आम्हाला फार उशिरा कळले. तेच आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

शब्दाचा अर्थ तसा लहानपणीच पाठ झाला होता. 'सद्' धातू म्हणजे बसणे. त्याला 'प्र' लागला की अर्थ होतो निवळणे, स्वच्छ होणे. संस्कृतात निर्मळ पाण्याला 'प्रसन्न' म्हणतात. आषाढीला चंद्रभागा गढूळ असते, तीच कार्तिकीला तळ दाखविते. तो पाण्याचा प्रसाद. पूर्वी घरोघरी निवळीची बी असे. घागरीच्या आतून ती उगाळून लावली की थोड्या वेळाने गाळ खाली बसे. गाळ कोणी उपसून काढीत नसे, बरं का! तो बसे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६४ व ६५ या श्लोकांत भगवंतांनी प्रसाद हा शब्द याच अर्थाने घातला आहे, आणि आचार्यांनीही भाष्यात त्याचा अर्थ प्रसन्नता, स्वास्थ्य असाच केला. पुढच्याच श्लोकात देव विचारतात की ज्याला शांती नाही त्याला सुख कोठले? म्हणजे देवाची कृपा आणि मनाची शांती या दोन वस्तू नव्हेत. कृपा झाली की नाही हे ओळखावयाचे असेल तर घागर निवळली का, एवढे पाहावे.

येथवर सर्व पंडित सांगतात. पण निवळलेल्या पाण्याचे पुढे काय करावयाचे? घागर झाकून ठेवावयाची काय?

याचे उत्तर अठराव्या अध्यायात आहे, आणि ते तीन माणसांच्या तोंडून येते. ६२व्या श्लोकात भगवान अर्जुनाला सांगतात की ईश्वराच्या प्रसादाने तुला परम शांती मिळेल. ७३व्या श्लोकात अर्जुन म्हणतो, तुझ्या प्रसादाने माझा मोह गेला. येथे देणारा आणि घेणारा दोघांचे काम झाले. ग्रंथ संपावयास हरकत नव्हती. पण ७५व्या श्लोकात तिसराच माणूस बोलतो. संजय! त्याला कोणी उपदेश केला नव्हता. तो रथावर नव्हता, योद्धा नव्हता. तो म्हणतो, व्यासांच्या प्रसादाने मी हे ऐकले. आणि ऐकून गप्प बसला नाही. आंधळ्या धृतराष्ट्राला सांगत सुटला. धृतराष्ट्राला ते नको होते, त्याला पोरांच्या जयाची बातमी हवी होती. तरी संजयाने वाढले. या वाटपामुळेच गीता तुमच्या-आमच्यापर्यंत आली. अर्जुनाने ती आपल्यापाशी ठेविली असती तर ती कुरुक्षेत्रावरच राहिली असती.

हाच वाटपाचा धर्म शके १२१२ मध्ये नेवाशाला माउलींनी चालविला. संस्कृताच्या कडीकोयंड्यात असलेले मराठीत आणून सर्वांच्या पानावर वाढले, आणि शेवटी ९ ओव्यांत मागणे मागितले. 'पसाय' म्हणजे प्रसादच. त्या मागण्यात स्वतःसाठी एक अक्षर नाही. दुष्ट मरोत असेही नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावो, जीवाजीवांत मैत्री होवो, असे आहे. देवाने 'होईल' म्हटले, तेव्हा ज्ञानदेव सुखी झाले. कशाने सुखी झाले? दुसऱ्याला मिळणार या शब्दाने!

हे सर्व आम्ही वर्षानुवर्षे गात होतो. आणि त्याच काळात आमच्या चुलत बंधूंशी, दादांशी, बांधावरून आमचे बोलणे बंद होते. अकरा वर्षे. बांध हातभर सरकला होता; कोणी सरकविला यावर दोघांचेही म्हणणे अजून कायम आहे.

एका चैत्रात आमच्याच गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन आमच्याकडे आले. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या कशा एकत्र केल्या, कोणाची भाकर कोणाची हे कसे उरले नाही, हे आम्ही रंगवून सांगितले. लोक रडले. कीर्तन संपले, गाव पायांवर डोके ठेवून गेला. दादा मागे खांबाला टेकून बसले होते, ते आले नाहीत. वास्तविक वडील तेच. आणि वारकऱ्याने वारकऱ्याच्या पाया पडताना लहानथोर पाहावयाचे नसते. आम्हीच उठावयास हवे होते. उठलो नाही.

काला वाटणारी एक म्हातारी आमच्यापाशी आली. तिने आमच्या ओंजळीत दोन मुठी घातल्या. म्हणाली, "बुवा, एक तुमची. एक त्या खांबापाशी बसलेल्यांना द्या. माझ्या गुडघ्यानं तिथवर जाववत नाही." तिला आमचे भांडण ठाऊक होते की खरोखरच गुडघा दुखत होता, हे आम्ही तिला कधी विचारले नाही.

आता प्रसाद हातात घेऊन नाही कसे म्हणावे? निघालो. मंडप केवढासा, पण ती वाट सरेना. बोटांतून दही गळत होते. दादांपुढे वाकलो, त्यांच्या हातावर काला घातला. त्यांनी तो कपाळाला लाविला, खाल्ला. बोलले नाहीत. आम्हीही नाही. मग उरलेली मूठ तेथेच उभे राहून खाल्ली, आणि छातीतले काहीतरी खाली बसल्यासारखे वाटले. त्या रात्री पुष्कळ दिवसांनी गाढ झोप लागली. निवळीची बी त्या दुसऱ्या मुठीत होती. आमची मूठ तर आम्ही आजवर कितीदा खाल्ली होती!

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच की यंदा काला हाती आला म्हणजे तोंडात घालण्याआधी मंडपात एकदा नजर फिरवावी. घरी आजारी माणूस असेल तर त्याच्यासाठी पुडी बांधून नेतो ते योग्यच आहे. पण आपल्याकडे न पाहणारा एखादा खांबापाशी बसला असेल, तर पहिली मूठ त्याची.

बांधाचा निकाल लागलेला नाही. मात्र त्याच वर्षी आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात गर्दीत कोणीतरी मागून आमचा खांदा धरला. वळून पाहतो तो दादा. त्यांनी काल्याचा घास आमच्या तोंडात कोंबला आणि म्हणाले, "मीठ जास्त झालंय रे."