‘जंबो’ शब्दाची कथा

एखाद्याचे नाव त्याच्या ठळक गुणामुळे लोकांच्या तोंडी बसते आणि पुढे तो गुण सांगण्यासाठीच वापरले जाते. गाढ झोपणाऱ्यास ‘कुंभकर्ण’ आणि कपटी माणसास ‘शकुनी’ म्हणतात, ते याच न्यायाने. ‘जंबो’ हा शब्दही असाच रूढ झाला.

जंबो हे एका आफ्रिकी हत्तीचे नाव होय. १८६५ मध्ये त्याला पॅरिसहून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आणले, तेव्हा तो लहान व अशक्त होता. पुढे मात्र त्याची उंची १० फुटांहून अधिक झाली. त्याच्या पाठीवर बसून फेरफटका मारण्यासाठी मुलांची झुंबड उडे. १८८२ मध्ये बार्नम या अमेरिकन सर्कसमालकाने त्याला विकत घेतले. त्याला पाठवू नये, म्हणून पुष्कळ मुलांनी राणी व्हिक्टोरियाला पत्रे लिहिली; परंतु जंबोला जावेच लागले. १८८५ मध्ये कॅनडात आगगाडीची धडक बसून त्याचा अंत झाला. हत्ती गेला, नाव मात्र उरले. इंग्रजीत ते अतिशय मोठ्या वस्तूचे विशेषण बनले.

‘बोइंग ७४७’ हे विमान १९७० मध्ये प्रवाशांची ने-आण करू लागले. त्यास ‘जंबो जेट’ हे नाव पडले. १९७१ मध्ये असे विमान एअर इंडियाकडे आले. आता हा शब्द मराठीत चांगलाच रुळला आहे. रुळांच्या दुरुस्तीसाठी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर ‘जंबो ब्लॉक’ घेतला जातो. २०२० च्या साथीत मुंबई-पुण्यात उभारलेली मोठी तात्पुरती रुग्णालयेही ‘जंबो’ म्हणूनच ओळखली गेली. ‘जंबो मंत्रिमंडळ’ असे म्हणताना मात्र त्यात टीकेची छटा असते.

सह्याद्रीस किंवा समुद्रास कोणी ‘जंबो’ म्हणत नाही. माणसाने केलेली एखादी गोष्ट नेहमीच्या मापाहून मोठी झाली, म्हणजे तिला हा शब्द शोभतो. समुद्र अथांग असतो, शिखर उत्तुंग असते, सभा जंगी होते आणि यंत्र अवाढव्य दिसते. सर्वांना एकच विशेषण लावले, तर मोठेपणा कळेल. परंतु वस्तू डोळ्यांपुढे उभी राहणार नाही.

स्वाध्याय
१. ‘जंबो’ हे नाव विशेषण कसे बनले?
२. वृक्ष, मैदान, पोथी व मिरवणूक यांचा मोठेपणा दाखविणारी निरनिराळी विशेषणे लिहा.