गुणपत्रिका कुठे मोजतात, कुठे विचारतात

दहावीला ९१ टक्के, बारावीला ६१, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) आणि शेवटच्या दोन वर्षांत पुन्हा फर्स्ट क्लास. माझ्या गुणपत्रिका ओळीने मांडल्या तर त्या एकाच मुलाच्या आहेत यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. पुण्यात मेकॅनिकल केलेल्यांना मात्र यात नवल वाटणार नाही. नऱ्हे-आंबेगावपासून वाघोलीपर्यंत कुठल्याही कँटीनमध्ये जा, एम-थ्री (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) अडकलेली चार पोरं सापडतातच. पुढे चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करताना एमबीएचं मनावर घेतलं. तेव्हा क्लासमधल्या समुपदेशकांनी एका वाक्यात विषय संपवला होता, "मार्कांचं सोड, पर्सेंटाइल आण. त्याच्यापुढे सगळं धुऊन निघतं."

कॅटला ९७ च्या वर पर्सेंटाइल आलं, पण धुऊन काहीच निघालं नाही. त्यांनी दिलेल्या यादीतल्या बहुतेक संस्थांकडून कॉल आलाच नाही. पर्सेंटाइल माझ्याहून कमी, पण दहावीपासून थ्रूआउट ८५ च्या वर असलेल्या मित्राला मात्र आले. यात कुणी अन्याय केला असं नाही. कुणाला का बोलावणार, हे त्या संस्थांनी आधीच छापलेलं होतं. क्लासने फॉर्म भरायला लावले, नियम वाचायला लावले नाहीत.

म्हणून ज्युनिअर मुलं आता "दादा, वायडीचं कारण काय सांगू?" म्हणून येतात, तेव्हा मी आधी उलट विचारतो, "तुला कारण विचारणार कुठे आहेत?" पैसे भरण्यापूर्वी हे उत्तर हवं. कारण विस्कळीत गुणांकडे सगळीकडे एकाच नजरेने पाहत नाहीत.

काही ठिकाणी गुण फक्त मोजतात. आयआयएम अहमदाबाद दहावी, बारावी आणि पदवीच्या टक्क्यांना टप्प्याटप्प्याने गुण देते आणि कॅटच्या जोडीने त्यांचा हिशेब करून मुलाखतीची यादी लावते. बंगळूरही दहावी-बारावीचे गुण धरते. या टप्प्यावर तुमची कहाणी कुणी वाचत नाही, त्यामुळे कारण कितीही खरं असलं तरी उपयोग शून्य. इथे करायचं एकच. संस्थेचं प्रवेश धोरण उघडायचं, स्वतःचे गुण त्यात घालायचे आणि उरलेली तूट कॅटमधून भरून निघेल का ते पाहायचं. बऱ्याच संस्था मुलींना आणि इंजिनिअरिंगबाहेरच्या पदवीधरांना काही जादा गुण देतात. इंजिनिअर मुलग्यांनी तेही हिशेबात धरावं. गणित जमत नसेल तर ती संस्था यादीतून काढावी. त्यात कमीपणा नाही.

काही ठिकाणी जुने गुण जवळपास मोजतच नाहीत. आपल्या राज्याची सीईटी आणि त्यानंतरची कॅप फेरी हा तो मार्ग. १५० मिनिटांत २०० प्रश्न, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. पदवीला ५० टक्के हवेत, राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४५. तेवढं असलं की गुणवत्ता यादी पर्सेंटाइलवर लागते आणि मागचे टक्के बरोबरी झाली तरच बाहेर निघतात. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, आपल्या विद्यापीठाची पुम्बा, सगळे याच दारातून. मुलाखतच नाही, तर वायडीचं कारण विचारणार कोण? आमच्यासारख्यांनी हा पर्याय "काहीच नाही जमलं तर" म्हणून मागे ठेवू नये, तयारी इथूनच सुरू करावी. मात्र इथे मुलं गुणांवर नव्हे, कागदांवर अडकतात. डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयरची मुदत, जात वैधता, दहावीच्या आणि पदवीच्या कागदावर वेगवेगळं पडलेलं नाव, हे सगळं ई-स्क्रूटिनीच्या आधी बघून ठेवा.

तिसऱ्या ठिकाणी मात्र विचारतात. सिम्बायोसिसच्या संस्थांमध्ये स्नॅप या त्यांच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर बोलावणं येतं आणि मग मुलाखतीत तुमची फाइल टेबलावर उघडी असते. कारणाची तयारी हवी ती अशा जागी.

पुण्यातल्याच एका मुलाखतीत पॅनेलवर तिघं होते. त्यातल्या मॅडमनी माझी दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका वर काढली.

"एम-थ्रीला काय काय होतं?"

"डिफरन्शियल इक्वेशन्स, लाप्लास, व्हेक्टर कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स."

"स्टॅटिस्टिक्स आमच्याकडे पहिल्याच वर्षी आहे. तिथेही वर्ष घालवणार का?"

वायडी का लागला याचं उत्तर मी घोटून गेलो होतो. ते त्यांनी विचारलंच नाही. मी कागद मागून घेतला. चाकणला रोजच्या रिजेक्शनचे आकडे कंट्रोल चार्टवर टाकायचं काम माझ्याकडे होतं. तो चार्ट काढला, वरची-खालची मर्यादा कशी काढतात ते सांगितलं, आणि बिंदू मर्यादेबाहेर गेला की लाइनवर आम्ही आधी काय तपासायचो तेही. मग गाडी रिग्रेशनवर गेली. तिथे थोडं पुढे जाऊन अडलो आणि "यापुढचं मला येत नाही" म्हणालो. निवड झाली. फी बघून अखेर सीईटीतून मिळालेलं कॉलेज घेतलं, तो भाग वेगळा.

पॅनेलला जुन्या नापासाचं दुःख ऐकायचं नसतं. तोच विषय पुन्हा समोर आला तर हा पोरगा काय करेल, एवढंच त्यांना बघायचं असतं. म्हणून ज्या विषयात अडकलात तो मुलाखतीआधी पुन्हा वाचा. जमलं तर त्याचाच एखादा एनपीटीईएल कोर्स करून केंद्रावरची परीक्षा द्या, म्हणजे दाखवायला ताजा कागद हातात राहतो. झालं काय ते दोन वाक्यांत, बदललं काय ते दोन वाक्यांत, आणि थांबा. घरात आजारपण खरंच असेल तर सांगा. नसेल तर आजोबांना उगाच आजारी पाडू नका. पुढचा प्रश्न तिथूनच येतो.

फॉर्म भरतानाची एक गोष्ट. आपल्या बोर्डाच्या दहावीला २०१० पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे, म्हणजे टक्के पाच विषयांचे. कॅटच्या फॉर्मला मात्र गुणपत्रिकेवरचे सगळे विषय धरून टक्केवारी लागते, बोर्डाचा नियम काहीही असो. माझे ९१ तिथे ८८ झाले. सवयीने पाचाचे टाकले आणि कागद तपासताना फरक सापडला, तर हातातली जागा जाते. सीजीपीएचंही तेच. विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वापरा, मित्राने सांगितलेलं नको. केटीच्या आणि नापास झालेल्या सत्रांच्याही गुणपत्रिका जपून ठेवा, मागतात. गॅप असेल तर तो दाखवा.

निकालानंतर "मार्क कमी आहेत ना, मॅनेजमेंट कोट्यातून बसवतो" असे फोन सुरू होतात. राज्यात कॅपिटेशन फी घेण्यावर १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि संस्था स्तरावरच्या जागाही गुणवत्तेनेच भरायच्या असतात. पावतीशिवाय पैसे मागणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

शेवटचं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं. प्रवेश मिळाला म्हणजे जुने टक्के संपले असं नाही. कॅम्पसला येणाऱ्या कित्येक कंपन्या "दहावी, बारावी, पदवी थ्रूआउट ६०" अशी अट घालतात. माझी बारावी एका टक्क्याने वाचली, शेजारी बसणाऱ्याची ५८ होती. त्याला पहिल्या काही कंपन्यांच्या यादीत नावच दिसलं नाही. तेव्हा फी भरण्याआधी त्या कॉलेजातला आपल्यासारख्याच गुणांचा एखादा सीनिअर शोधा. कॉलेजचं सरासरी पॅकेज त्याला विचारू नका. त्याला स्वतःला किती कंपन्यांना बसता आलं आणि शेवटी काम कुठे मिळालं, ते विचारा. त्याचं उत्तर ऐकून मगच पैसे भरा.