हस्ताक्षरातली कॅसेट खिशात आणताना

माळ्यावरचं कॅसेटींचं खोकं खाली काढलंत की आधी दोन ढीग करा. छापील वेष्टनाच्या कॅसेटी एकीकडे, पेनाने लिहिलेल्या दुसरीकडे. छापील कॅसेटमधलं गाणं आज ना उद्या कुठेतरी मिळेल. कोणाकडे तरी मूळ मुद्रण असतं, निदान दहा जणांकडे प्रती असतात. ‘आजी – ओव्या, दिवाळी ८७’ असं निळ्या शाईत लिहिलेल्या कॅसेटची दुसरी प्रत मात्र जगात नसते. ही कृती त्या दुसऱ्या ढिगासाठी आहे.

फिलिप्सने ही कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने ती खिशात घातली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि लोकांनी मिळेल ते भरून ठेवलं: गणेशोत्सवातलं गाणं, दिवाणखान्यातली मैफल, बाळाचे पहिले बोल, जात्यावरच्या ओव्या. आता त्या फितींनी पस्तीस-चाळीस पावसाळे पाहिलेत. त्यांतला आवाज फोनमध्ये किंवा छोट्या प्लेअरमध्ये आणून चालता-फिरता ऐकता येतो, आणि त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. एक निवांत रविवार लागतो.

साहित्य

चांगला चालणारा कॅसेट प्लेअर, स्टिरिओ लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, जोडायची केबल, लॅपटॉप, त्यावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर, वायरचे हेडफोन. सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल (९० टक्क्यांच्या वरचं), कापसाच्या काड्या, बारीक स्क्रू-ड्रायव्हर. शिवाय एक पेन्सिल आणि एक वही.

पैसे घालायचे तर प्लेअरवर घाला. सॉफ्टवेअर फुकट आहे, इंटरफेस साधा चालतो. प्लेअरने जे उचललं नाही ते पुढे कोणी परत आणू शकत नाही. थेट यूएसबीला जोडायचे हलके प्लॅस्टिकचे प्लेअर स्वस्तात मिळतात. मी ते दोनदा घेतले आणि दोन्ही वेळा पस्तावलो. त्यांतली मोटर फीत एकसारखी ओढत नाही, त्यामुळे लांबवलेला सूर पाण्यावरच्या सावलीसारखा हलतो. त्यापेक्षा जुना डेक किंवा चांगल्या घडणीचा वॉकमन शोधा, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे अजून कुठे कुठे सापडतात, त्यांच्याकडून त्याचा रबरी पट्टा बदलून घ्या. घेण्याआधी पारख एकच: तंबोरा वाजत असलेली कॅसेट लावा आणि नुसता षड्ज दोन मिनिटं ऐका. सूर जागचा हलला नाही तर यंत्र घ्या.

फोनच्या किंवा लॅपटॉपच्या माइकच्या भोकात प्लेअर जोडू नका. ती वाट बहुधा मोनो असते आणि बोलण्याच्या आवाजासाठी बेतलेली असते.

कृती

सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे चौकोनी दात पाहा. ते शाबूत असतील तर मोडून टाका. एका चुकीच्या बटणाने आजीच्या ओव्यांवर खोलीतली शांतता भरली जाऊ शकते. दात मोडले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. हे काम प्रत्येक कॅसेटचं, प्लेअरमध्ये घालण्याआधी.

मग खिडकीच्या उजेडात फीत नीट बघा. रिळावर पांढरट ठिपके किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत ती फार लवकर धरते. अशी कॅसेट इतरांपासून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि चांगल्या प्लेअरला अजिबात लावू नका, नाहीतर बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. ऊन किंवा हेअर-ड्रायर दाखवायचा मोह आवरा, उष्णतेने फीत वाकते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात ती आधी कोरडी होऊ द्या आणि तिचं काम सगळ्यात शेवटी, टाकाऊ यंत्रावर करा.

कॅसेटच्या तोंडाशी, मधोमध, तांबूस पत्तीवर लोकरीचा एक इवलासा तुकडा चिकटवलेला असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. डिंक वाळून तो पडला की आवाज पुसट होतो, येतो-जातो, आणि माणसं म्हणतात ‘कॅसेट गेली’. कॅसेट गेलेली नसते. पाच स्क्रूंची एखादी फालतू कॅसेट उघडा, तिच्या कवचात आपली दोन्ही रिळं अलगद बसवा, फीत रोलरवरून तशीच ओवा आणि झाकण लावा. माझ्या आत्याची एक कॅसेट अकरा वर्षं बाद म्हणून पडून होती. कवच बदललं आणि पहिल्याच मिनिटाला ती स्वयंपाकघरातून कोणाला तरी हाक मारताना ऐकू आली.

फीत सैल असेल तर पेन्सिल दाताऱ्यात घालून ताणून घ्या. नंतर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवा. वर्षानुवर्षं एका जागी बसून रिळाचे थर एकमेकांना धरतात. न सोडवता लावलं तर वेग अडखळतो.

आता यंत्राची सफाई. कापसाच्या काडीवर थोडं अल्कोहोल घेऊन हेड पुसा, शेजारचा धातूचा बारीक दांडा पुसा. काडी तपकिरी होते ती फितीवरून झडलेल्या पावडरीने. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल नको, किंचित ओला कपडा पुरतो. पाच-सहा कॅसेटींनंतर पुन्हा पुसा.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच गाणं हातचं जातं. हेड फितीला काटकोनात बसलेलं असावं लागतं. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं हेड तिरकं असेल तर फितीवरचा आवाजही तिरका उमटलेला असतो, आणि तुमचं सरळ हेड त्यातले वरचे सूर गमावतं. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, बऱ्याच यंत्रांत त्याच्यासाठी झाकणाला भोक ठेवलेलं असतं. कॅसेट चालू ठेवा, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐका, आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहून कमी, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवा.

काय ऐकायचं? गायकाचा आवाज नको, तबलाही नको. तंबोऱ्याची जवारी ऐका. जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांचं मोहोळ, आणि हेड चुकलं की आधी तेच मरतं. स्क्रू फिरवता फिरवता एका बिंदूवर तंबोरा एकदम उघडतो. तारेवर जणू आत्ताच कोणी दोरा सरकवून दिला. तो बिंदू थोडा ओलांडा, आवाज पुन्हा मिटतो, मग मागे या. ज्या कॅसेटवर तंबोरा नाही तिथे ‘स’ आणि ‘श’ ऐका, टाळ ऐका, बांगड्यांची किणकिण ऐका. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं, कारण प्रत्येक टेपरेकॉर्डरचा तिरकेपणा वेगळा. सुरुवातीला मूळ जागी स्क्रूच्या खाचेवर मार्करची खूण करा म्हणजे परत येता येईल.

प्लेअरवरचं खरखर दाबणारं डॉल्बीचं बटण बंद ठेवा. घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला ते बहुधा लागू नसतं, आणि चालू राहिलं तर जवारी पुन्हा दबते. कॅसेटवर स्वतः भरणाऱ्याने ‘डॉल्बी बी’ लिहिलेलं असेल तरच लावा.

आता उतरवणं. ऑडॅसिटीत ४४.१ किलोहर्ट्झ, स्टिरिओ निवडा. इंटरफेसला २४ बिट जमत असेल तर २४, नसेल तर १६ बिटही पुरे, कॅसेटच्या आवाजाचा पल्ला त्यात आरामात मावतो. पातळी ठरवण्यासाठी आलाप लावू नका. द्रुत लयीतली तिहाई शोधा, तबल्याची सर्वांत जोरदार थाप पाहा आणि ती उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. लाल रेघ लागली की तिथला आवाज फाटला, तो सांधत नाही. हेडफोनच्या भोकातून आवाज घेत असाल तर प्लेअरचा व्हॉल्यूम मध्यावर ठेवा आणि बाकीचं इंटरफेसवर जुळवा. एकसुरी घूं ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तेवढ्याने जाते.

मग पूर्ण बाजू न थांबता उतरवा. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरच सरकते, या कामात घाई करायला जागा नाही. खोलीतून उठून जाऊ नका. वहीत लिहा: किती मिनिटांनी कोण बोललं, बंदिश कुठे सुरू झाली, दाद कोणी दिली. घरातली वडील माणसं शेजारी बसली तर फारच उत्तम, आवाज ओळखणारं कोणीतरी हवं. २४ बिटमध्ये ९० मिनिटांची कॅसेट सुमारे दीड जीबी जागा घेते.

वेगाची शंका आली तर पेटी तपासा. गायक काळी एकमध्ये गात होते हे नक्की माहीत असेल आणि ट्यूनर त्याहून अर्धी श्रुती चढा दाखवत असेल, तर यंत्र वेगाने फिरतंय किंवा भरताना हळू फिरलं होतं. एका पट्टीचा फरक म्हणजे वेगात सुमारे ६ टक्क्यांचा फरक. जुनी पेटी स्वतःच उतरलेली असू शकते, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, माणसाचा आवाज ओळखीचा वाटतो का ते पाहा. आजीच्या ओव्यांची बाजू संपत येताना तिचा आवाज बारीक, लहान मुलीसारखा होत जातो. आम्ही सगळे ते वय समजत होतो. खरं कारण टेपरेकॉर्डरचे सेल उतरत होते: फीत हळूहळू मंद फिरत गेली, आणि आता नीट वेगाने लावल्यावर आवाज चढत जातो. ऑडॅसिटीत वेग हळूहळू बदलता येतो. शेवटच्या सात मिनिटांना तसं केलं आणि तिचा भरदार आवाज शेवटच्या ओवीपर्यंत टिकला.

हे सगळं प्रतीवर करा. मूळ उतरवलेली फाइल जशीच्या तशी, खरखरीसकट, कायम ठेवा. हे कळवळून सांगतो आहे. एका दुकानात मी मैफलीच्या दोन कॅसेटी ‘साफ करून’ घ्यायला दिल्या होत्या. आल्या त्या इतक्या साफ की खरखरीबरोबर तंबोराही गेला, आणि कच्ची फाइल त्यांनी ठेवलेली नव्हती. खरखर आणि जवारी एकाच उंचीवर राहतात, यंत्राला त्यांच्यातला फरक कळत नाही. खरखर कमी करायचीच असेल तर ६ डेसिबलपलीकडे जाऊ नका, आणि आधी-नंतरचा तंबोरा ताडून पाहा. मी स्वतः आता बहुतेक वेळा काहीच काढत नाही. पाच मिनिटांत कान खरखर विसरतो, गेलेला तंबोरा विसरत नाही.

फाइल ‘फ्लॅक’मध्ये साठवा. आकार बराच घटतो, आवाजातला कण जात नाही. नावात वर्ष, गाव, व्यक्ती, राग किंवा प्रसंग, बाजू अ की ब हे सगळं घाला आणि वहीतली टिपणं त्याच फोल्डरमध्ये टंकून ठेवा. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या घरी. कॅसेट टाकू नका; कोरड्या डब्यात उभी ठेवा.

घरच्या मैफलीत कोणी कलावंत गायले असतील तर त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती फाइल पुढे पाठवू नका. त्यांनी ते तुमच्या दिवाणखान्यासाठी गायलं होतं. ओव्या, लोकगीतं, जुनी कीर्तनं असा मोठा साठा असेल तर अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा, आता गुरुग्रामला असलेला संगीत-संग्रह १९८२ पासून अशी ध्वनिमुद्रणं जपतो आहे, त्यांच्यासारख्यांशी बोलून पाहा.

ऐकणं

खिशातल्या यंत्रावर फार खर्च नको. फोनला भोक नसेल तर टाइप-सीची छोटी वायर-जोडणी आणि साधे वायरचे इअरफोन पुरतात. त्यांच्या रबरी टोप्या मात्र कानात घट्ट बसणाऱ्या निवडा. फट राहिली की डग्ग्याची घुमार नाहीशी होते आणि माणूस उगाच महागडे इअरफोन शोधत फिरतो. ब्लूटूथवरही कॅसेटचा आवाज चांगला ऐकू येतो. रस्त्याच्या गोंगाटात आवाज वाढवत नेऊ नका: जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज चढला की हे तास भराभर घटतात. गोंगाट बाहेर ठेवणारी टोपी हे त्यावरचं खरं औषध.

शफल बंद करा. बाजूचे तुकडे करू नका, किंवा केलेच तर न थांबता जोडून वाजवणारं ॲप घ्या. पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू एका फेरफटक्यात पुरी होते. मी सकाळी टेकडीवर जाताना बाजू अ ऐकतो, येताना बाजू ब. मध्ये कोणीतरी खोकतं, कुकरची शिट्टी होते, आजी थांबून विचारते, ‘चालू आहे ना रे ते?’

यंदाचा पावसाळा लागण्याआधी खोकं खाली काढा, आणि पहिली कॅसेट ती घ्या जिच्यावरचा आवाज ओळखणारं माणूस अजून घरात आहे.