तेवीस इंचांचं दार

जुळ्यांना घेऊन क्रूझला जायचं म्हटलं की लोक समुद्र लागण्याची चौकशी करतात. बाळांना उलट्या झाल्या तर काय, जहाजावर डॉक्टर असतो का, दूध मिळतं का. हे सगळं विचारायलाच हवं. पण माझ्याकडे कोणी सल्ला मागायला आलं, तर मी आधी विचारते, "तुमची बाबागाडी किती इंच रुंद आहे?" बहुतेकांना ते माहीत नसतं, कारण जमिनीवर तशी वेळच येत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे दुकान असो, ग्रंथालय असो की दवाखाना, सार्वजनिक जागेचं दार अपंगांसाठीच्या कायद्यामुळे किमान ३२ इंच मोकळं ठेवावं लागतं. आमची जुळ्यांची गाडी, शेजारी-शेजारी दोन आसनांची, ३० इंच रुंद. रोज सगळीकडे आरामात जायची. मुलं सव्वा वर्षाची झाली, नाशिकहून सासूबाई आल्या होत्या, म्हणून घराजवळच्या बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून सुटणारी बर्म्युडाची क्रूझ ठरवली. विमान नको, हॉटेल बदलायला नको. बुकिंग करताना फोनवर विचारलं, "जुळ्यांची बाबागाडी चालेल का?" पलीकडून उत्तर आलं, "हो हो, खुशाल आणा." आणि बंदरावर खरोखरच कोणी अडवलं नाही. पण गाडी जहाजावर चढणं वेगळं आणि केबिनच्या दारातून आत जाणं वेगळं, हे फोनवरच्या माणसानं सांगितलं नव्हतं.

केबिनचं दार तेवीस इंचांच्या आसपास. क्रूझ जहाजांवर साध्या केबिनचं दार साधारण बावीस ते चोवीस इंचच असतं. दोघं गाडीत झोपलेली, बोळात मागून माणसं येतायत, आणि गाडी चौकटीला टेकून उभी. एकाला मी उचललं, दुसरीला सासूबाईंनी. दोघंही झोपमोड झाल्यामुळे रडायला लागली. नवऱ्यानं गाडीची घडी केली, तर ती घडी जाडीला एवढी की आडवी करून, एक चाक काढून मगच आत गेली. आत दोन पाळणे आधीच मांडलेले. आम्हीच मागितले होते ते. पलंग, सोफा आणि दोन पाळणे यांच्यामध्ये पाऊल ठेवण्यापुरती जमीन उरली होती. गाडी बाथरूमच्या दारासमोर उभी केली. रात्री बाटली धुवायला उठलं की आधी गाडी सरकवायची, मग दार उघडायचं, तोवर दुसरं बाळ जागं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घडी केलेली गाडी मी बाहेर बोळात भिंतीला लावून ठेवली. आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा मुलगा गोव्याचा होता. गोव्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर आहेत, त्यामुळे मराठी कानावर पडलं याचं नवल वाटलं नाही, पण आधार वाटला. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, इथे नका ठेवू. धूर झाला, दिवे गेले, तर माणसं भिंतीला हात लावत ह्याच वाटेनं जाणार." त्यानंतर मी गाडी बोळात ठेवली नाही आणि दुसऱ्यांचीही दिसली की मला राहवत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: दोन मोठी माणसं सोबत असतील तर जुळ्यांसाठी दोन आसनांची रुंद गाडी नेऊच नका. घडी होणाऱ्या, हलक्या, एकेरी अशा दोन गाड्या न्या. एकेरी गाडी दारातून जाते, घडी करून पलंगाखाली सरकते (जहाजावरचे पलंग बॅगा ठेवता याव्यात म्हणून उंचच असतात), आणि मुख्य म्हणजे लिफ्टमध्ये मावते. जेवणाची वेळ झाली किंवा नाटकगृहातला कार्यक्रम संपला की लिफ्टसमोर गर्दी उसळते. एका गाडीची जागा पटकन मिळते, रुंद गाडी घेऊन आम्ही एकेक लिफ्ट सोडत उभे राहायचो. शिवाय जुळी एकाच वेळी झोपतात हा समज ज्यांना जुळी नाहीत त्यांचाच. एक झोपलं की त्याला घेऊन एकानं केबिनवर जावं, दुसऱ्याला दुसऱ्यानं डेकवर फिरवावं. हे दोन गाड्यांमुळेच जमतं. दोन एकेरी गाड्या एकमेकींना जोडायच्या क्लिपा मिळतात. मोकळ्या धक्क्यावर जोडायच्या, दारापाशी सोडायच्या.

एकटीनं दोघांना सांभाळायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग एकामागे एक आसन असलेली गाडी घ्या. तिची रुंदी एकेरीइतकीच असते. लांबी जास्त असल्यानं वळणावर त्रास देते, लिफ्टमध्ये तिरकी लावावी लागते, पण दार अडवत नाही. कोणतीही घ्या, विकत घेण्याआधी टेप लावून मोजा. "नेहमीच्या दारातून जाते" असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते जमिनीवरच्या दारांबद्दल. मोजताना चाकांच्या बाहेरच्या कडेपासून मोजा. आसनाची रुंदी मोजून उपयोग नाही. आणि बुकिंगच्या वेळी "बाबागाडी चालेल का" हे न विचारता "माझ्या केबिनच्या दाराची मोकळी रुंदी किती, आणि दोन पाळणे मांडल्यावर गाडी कुठे ठेवायची" असं विचारा. उत्तर लेखी मागा.

एक उपाय मला दोघा-तिघांनी सुचवला: चाकाच्या खुर्चीसाठी असलेली रुंद दाराची केबिन घ्यायची. कृपा करून असं करू नका. त्या केबिन जहाजावर मोजक्या असतात. आपण सोयीसाठी एक अडवली की ज्याला त्याशिवाय प्रवासच करता येत नाही असा कोणी तरी घरी राहतो. लिफ्टच्या दारातही तेच. खुर्चीवरचा माणूस आला की आपली गाडी मागे घ्यावी.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याकडे येते. सुटण्याआधी जहाजावर सुरक्षेचा सराव असतो. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेला नव्हता. त्या काळी चोवीस तासांत घेतला तरी चालायचं. २०१५ पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता तो घ्यावाच लागतो. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं, त्या जागेला मस्टर स्टेशन म्हणतात. तिथे बाबागाडी न्यायची नाही. आणि खऱ्या प्रसंगात लिफ्टही वापरायची नसते, म्हणजे जिना. जिन्यावरून, कदाचित जहाज एका बाजूला झुकलेलं असताना, दोन बाळं घेऊन जायचं आहे. एक बाळ एका मोठ्या माणसाच्या छातीशी बांधलेलं, दोन्ही हात कठड्यासाठी मोकळे, याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. म्हणून बाळ बांधायचे दोन पट्टे न्या आणि ते बॅगेत न ठेवता दाराच्या आतल्या खुंटीला टांगून ठेवा. कोण कोणाला घेणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या, "अगं, रात्री घाईत दोघंही एकाच बाळाकडे धावाल." म्हणून मुलगा नवऱ्याकडे, मुलगी माझ्याकडे आणि औषधांची पिशवी त्यांच्याकडे, असं वाटून घेतलं. बोळातून जिन्यापर्यंत तसं एकदा चालूनही पाहिलं.

लाइफ जॅकेटचंही असंच. केबिनमध्ये असतात ती बहुधा मोठ्यांची. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासात जहाजावरच्या प्रत्येक तान्ह्या मुलासाठी, म्हणजे १५ किलोंच्या आतल्या बाळासाठी, वेगळं जॅकेट असायलाच हवं. पण ते कुठे ठेवलंय, केबिनमध्ये देणार की मस्टर स्टेशनवर, हे तुम्हाला माहीत हवं. आम्ही मागितलं तेव्हा दोन आणून दिली आणि कसं घालायचं ते दाखवलं. मानेमागे जाड उशीसारखी कॉलर आणि पायांमधून जाणारा पट्टा असतो. तो पट्टा लावायचा राहिला तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि बाळ खाली राहतं. नीट पाहून घ्या, स्वतःच्या हातानं एकदा लावून पाहा. लहान मुलांच्या मनगटावर मस्टर स्टेशनच्या क्रमांकाची पट्टी बांधतात, ती आंघोळीला काढू नका.

न्यू जर्सीहून बर्म्युडाला जाताना गल्फ स्ट्रीम ओलांडावा लागतो. तिथे जहाज हलतं. सगळ्यांनाच जाणवतं असं नाही, पण बाबागाडीला जाणवतं. उघड्या डेकवर वारा छपराला धरतो, त्यात जहाज कललं की ब्रेक न लावलेली गाडी सरकते. आमची हातभर सरकली, तेवढ्यात नवऱ्यानं धरली. तेव्हापासून नियम असा की उभं राहिलं की ब्रेक, छप्पर खाली आणि पट्टा मनगटाला. बाहेर जायच्या दारांना खाली उंबरा असतो आणि ती दारं जड, आपोआप मिटणारी. बाळ पुढे ठेवून गाडी रेटू नका. एकानं दार धरावं, दुसऱ्यानं गाडी उलटी ओढून काढावी. बाळांची बोटं त्या दारांपासून लांब ठेवा. बाल्कनीची केबिन असेल तर तिच्या दाराची वरची कडी रात्रीच काय, दिवसाही लावलेली असू द्या.

जेवणाच्या दालनात गाडी आत नेऊ देतीलच असं नाही, उंच खुर्च्या दोन लागतील हे आधी सांगून ठेवावं. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर पाणी तापवायची किटली केबिनमध्ये चालत नाही, सुरक्षा तपासणीतच काढून घेतात. त्यामुळे बाटल्यांसाठी गरम पाणी बुफेमधून थर्मासात भरून आणायचं. घरी शिजवलेलं खिमट नेऊ देत नाहीत, पण सीलबंद डब्यातला कोरडा शिशुआहार चालतो. पहिल्या रात्री वाढणाऱ्याला सांगितलं की मऊ भात आणि बिनतिखट वरण लागेल, तर रोज मिळत गेलं. लंगोट घातलेल्या मुलांना तिथल्या पोहण्याच्या तलावात सोडत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी उथळ जागा असेल तरच पाण्याचं आश्वासन द्या.

बर्म्युडात जहाज थेट धक्क्याला लागतं, रॉयल नेव्हल डॉकयार्डपाशी. तिथे एकेरी गाडी छान चालते. जहाजावरून उतरायच्या पुलावर मात्र उतार असतो आणि जोडांवर चाक अडकतं. बाळाला कडेवर घ्या, रिकामी गाडी कर्मचारी उचलून देतात. डॉकयार्डहून हॅमिल्टनला फेरीबोट जाते, वीसेक मिनिटांची, आणि गाडीसकट चढता येतं. आमच्या सगळ्या प्रवासातला सर्वांत सुखाचा तुकडा तोच. बेटावर पर्यटकांना नेहमीची मोटार भाड्यानं मिळत नाही, त्यामुळे उरतात गुलाबी बस, फेरी आणि टॅक्सी. बसमध्ये गाडीची घडी करावीच लागते. हॉर्सशू बेच्या प्रसिद्ध गुलाबट वाळूकडे जायचं तर बसथांब्यापासून खाली मोठा उतार आहे, परतताना तोच चढ, उन्हात, दोन बाळांसह. त्यापेक्षा डॉकयार्डहून सुटणारी सामायिक मिनीबस घ्या, ती खाली किनाऱ्यापर्यंत सोडते. तिच्यात बाळाचं आसन असेलच असं धरून चालू नका. पोचल्यावर वाळूत कोणतीही छोट्या चाकांची गाडी रुतते. ती वर स्नानगृहांजवळ घडी करून ठेवावी आणि बाळांना उचलून बाजूच्या छोट्या खाडीत न्यावं. खडकांमुळे तिथे लाटा मंदावतात, म्हणूनच तिला बेबी बीच म्हणतात. आमची दोघं तिथे पाण्यात बसून तासभर वाळू थापटत होती.

तुमच्या मार्गावर जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगरून छोट्या नावेनं नेणारं बंदर असेल, जसं केमन बेटांवरचं जॉर्जटाउन, तर तिथे गाडी घडी करूनच चढवावी लागते आणि नाव हलत असताना पाऊल टाकायचं असतं. हात मोकळे नसतील तर त्या दिवशी जहाजावरच राहा, बाकीचे उतरल्यावर जहाज रिकामं आणि शांत असतं. मी तरी दोन बाळं घेऊन तशा नावेत चढणार नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट बंदरावर मिळतात. त्यांच्यासोबत बाबागाडी देऊ नका, सकाळी बोळातून उतरेपर्यंत ती लागतेच. लंगोट, एकेक जादा कपडा, दूध आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत. उतरायचा क्रमांक निवडता येत असेल तर उशिराचा घ्या. सकाळी साताला लिफ्टसमोर जी रांग असते, ती न्याहारी होईपर्यंत निम्मी झालेली असते.