एका पंगतीला

दिवेलागण झाली, की आपल्या रत्नागिरीकडे घरोघर भाताचा टोप चढतो. भाताबरोबर काय? ज्याच्या घरी जे असेल ते. मासळी मिळाली तर बांगड्याचे कालवण. पावसाळ्यात दर्या खवळतो, होड्या बंद असतात. तेव्हा सुकट नाहीतर सुका बांगडा. तोही नसला तर कुळथाची पिठी. वर आमसुलाचे सार. कुणाकडे नाचणीची भाकरी.

हे जेवण साधे आहे, पण त्याला हलके समजू नये. मासळीने आणि कुळथाने अंग भरते. नाचणीत हाडांना लागणारा चुना पुष्कळ असतो. तांदळात तो फार थोडा असतो. तेव्हा पिठी-भाताची लाज वाटण्याचे काही कारण नाही.

पानात काय आहे, ते आपण पाहिले. आता पानावर कोण बसते आणि कोण बसत नाही, ते पाहू.

आधी घराबाहेरचे पाहू. बाजाराचा दिवस असतो. कचेरीत काम निघते. दवाखान्यात जावे लागते. एस.टी. चुकते आणि पोटात कावळे ओरडू लागतात. मग आपण हॉटेलात शिरतो, बाकावर बसतो. फळ्यावरचे दर वाचतो. आता वाचता येते ना! मिसळ केवढ्याला, राइस प्लेट केवढ्याला, हे कुणाला विचारावे लागत नाही. शेजारी बसलेल्याची जात कोणती, हेही आपण विचारत नाही.

पूर्वी असे नव्हते. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना हॉटेलात बसता येत नसे. त्यांनी चहा बाहेर उभे राहून प्यायचा. कप वेगळा. तो त्यांनीच धुऊन ठेवायचा. पैसे मात्र इतरांसारखेच मोजायचे!

ही रीत आपोआप गेली नाही. माणसांनी ती मोडली. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्यावर गेले. बरोबर हजारो माणसे होती. सर्वांनी तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. ते आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे.

रत्नागिरी शहरातही त्या काळात असे काम झाले. विनायक दामोदर सावरकर तेव्हा सरकारी हुकमाने रत्नागिरीत स्थानबद्ध होते. १९३१ साली तेथे पतितपावन मंदिर उघडले. भागोजीशेठ कीर यांनी त्याचा खर्च केला. सर्व जातींच्या हिंदूंना त्या मंदिरात जाता येऊ लागले. निरनिराळ्या जातींची माणसे एका पंगतीला बसून जेवू लागली. त्याला सहभोजन म्हणत. १९३३ साली तर सर्व जातींच्या हिंदूंसाठी एक उपाहारगृहच निघाले. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी अशा पंगतीला बसायला छाती लागे. जातभाई वाळीत टाकतील, ही भीती असे.

पुढे देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० पासून आपले संविधान लागू झाले. त्याच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. १५ वे कलम सांगते, की धर्म, जात किंवा स्त्री-पुरुष असा भेद करून कुणालाही हॉटेलात जाण्यास अडविता येणार नाही. १९५५ साली कायदाही झाला. अस्पृश्य मानून कुणाला हॉटेलात येऊ न देणे, तेथील भांडी वापरू न देणे, हा गुन्हा आहे. त्याला एक ते सहा महिने कैद आणि शिवाय दंड आहे. असे कुठे घडले, तर पोलिसांत तक्रार देता येते. आपल्याला लिहिता येते. तक्रार आपण आपल्या हाताने लिहावी.

बाहेरची पंगत अशी एक झाली. आता घरात या. घरातली पंगत एक झाली का?

एकदा आम्ही वर्गाच्या कामाला एका वाडीत गेलो होतो. रात्री एका घरी जेवायला बसलो. घरातले पुरुष बसले, मुले बसली. वहिनी वाढत होत्या. पिठी-भात झकास होता. आम्ही दोनदा मागून घेतला. उठताना विचारले, "वहिनी, तुम्ही कधी जेवणार?"

वहिनी हसून म्हणाल्या, "माझं काय हो! टोपात राहिलंय तेवढं पुरे."

आम्ही टोपात पाहिले. तळाला मूठभर भात होता. पिठी संपली होती. दिवसभर भाताच्या लावणीत वाकलेल्या बाईला एवढेच उरले होते. आम्हांला मान खाली घालावी लागली.

ही एका घरची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर पाहणी झाली. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींचे रक्त कमी आढळले. याला कारणे अनेक आहेत. उरलेसुरले खाणे हे त्यांतले एक आहे. रक्त कमी झाले, की बाईला थकवा येतो, धाप लागते. बाळंतपणात तर जिवावर बेतते.

यावर उपाय काय? पैशाशिवाय होणारा एक उपाय आहे. जेवायच्या आधी सगळ्यांची पाने वाढावीत. घरात पाच माणसे असतील, तर पाच पाने मांडावीत. भात थोडा असेल तर थोडा थोडा घ्यावा, पण सगळ्यांनी घ्यावा. वाटणी आधी करावी, मागाहून नव्हे. मासळीचा तुकडा सुनेच्याही पानात पडावा. ज्याला आणखी हवे, त्याने आपल्या हाताने वाढून घ्यावे.

सासूबाई म्हणतील, "आमच्या वेळी असं नव्हतं!" त्यांना सांगावे, "आई, तुम्हीही सगळ्यांबरोबर बसा. तुम्हीही आयुष्यभर शेवटीच जेवलात."

बाहेरची पंगत मोडून एक करायला मोठी माणसे झटली, कायदा करावा लागला. घरातल्या पंगतीसाठी कायदा नको. एक पान जास्त मांडले, की झाले.

प्रश्न
१. पूर्वी हॉटेलात कुणाला वेगळा कप देत?
२. संविधानाचे १५ वे कलम हॉटेलाविषयी काय सांगते?
३. काल रात्री तुमच्या घरी शेवटी कोण जेवले? त्यांच्या पानात काय होते? वहीत लिहा.