फसफसणारी ताटली : बालरुग्ण विभागातील एक खेळ

रुग्णालयात दाखल झालेल्या लहान मुलाचे सर्व काही इतरांच्या हातून होत असते. सुई टोचणारे दुसरे, औषध पाजणारे दुसरे आणि अंग पुसणारेही दुसरेच. त्याने स्वतः काही करावे, असा प्रसंग क्वचितच येतो. याच जाणिवेतून आमच्या बालरुग्ण विभागात जो खेळ घेतला जातो, त्याची ओळख देणगीदारांस व पालकांस करून देत आहोत.

साहित्य स्वयंपाकघरातलेच. स्टीलच्या ताटलीत दोन चमचे खाण्याचा सोडा आणि चिमूटभर हळद मिसळावी. मुलाच्या हाती ड्रॉपर द्यावा व प्रथम नुसते पाणी टाकू द्यावे. सोडा फसफसत नाही, परंतु ओली हळद तांबूस होते. त्यानंतर लिंबाचा रस. थेंब पडताच फेस उसळतो, बारीक चुरचुर ऐकू येते आणि पुरेसा रस पडल्यावर तो डाग पुन्हा पिवळा होतो. लिंबातील आम्लामुळे सोड्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. ढोकळा फुगतो तोही याच वायूने. ही क्रिया उष्णता शोषून घेते, म्हणून मिश्रण बोटांना गार लागते. डोळ्यांवर पट्टी असलेल्या मुलासही यामुळे खेळात भाग घेता येतो.

हाताचे प्लॅस्टर काढल्यानंतरही एक चार वर्षांची मुलगी बोटे मिटूनच ठेवीत असे. आई मायेपोटी तिला घास भरवी. दोन दिवस तिने हा खेळ केवळ पाहिला. तिसऱ्या दिवशी तिने ड्रॉपर मागून घेतला आणि अंगठा व तर्जनी यांनी तो दाबला. व्यायामाची जागा खेळ घेत नाही, हे येथे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. पण त्या दिवशी तिने ताटली तीन वेळा भरून घेतली.

आरंभी आमच्याकडून एक चूक घडली. एका मुलाच्या हातावरील सुईच्या ताज्या जखमेत लिंबाचा रस गेला व तो पुढे दोन दिवस ताटलीजवळ फिरकला नाही. तेव्हापासून परिचारिका आधी प्रत्येकाचे हात तपासतात. ताटली प्रत्येकाची वेगळी असते. मिश्रण चाखू देऊ नये. सोड्यात सोडियम असते व मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या रुग्णांस ते अपायकारक ठरू शकते. घरी खेळ घेताना धुण्याचा सोडा चुकूनही वापरू नये, त्याने त्वचेस व डोळ्यांस इजा होते. फसफसते मिश्रण बाटलीत घालून बूच लावू नये, बाटली फुटू शकते.

चादरींवर हळदीचे डाग पडतात, ही धुलाई विभागाची तक्रार रास्त असल्याने आता आम्ही मेणकापड अंथरतो. त्या डागांना साबण लागला की ते लाल होतात, हे मात्र मुलांना प्रथम तेथील मावशींनीच दाखविले.